डोहाळ्यांची अळंबी

सांगलीला आमच्या घरी भूछत्रांचं वर्गीकरण एका वाक्यात संपत असे. पावसाळ्यात उगवून छत्रीसारखं जे काही दिसतं ती कुत्र्याची छत्री. तिला हात लावायचा नाही, लागलाच तर धुवायचा. या पद्धतीत बारकावे नव्हते, पण तिच्यामुळे आमच्या घरात कुणी मेलं नव्हतं. पुढे मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि ही पद्धत सोडून दिली.

नोकरी लागली ती कराड आणि इस्लामपूरच्या मधल्या एका नव्या कॉलेजात. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. त्या काळात जो तो प्रथिनांबद्दल बोलत असे. ज्यांना दोन वेळचं भरपेट मिळत होतं ते जरा जास्तच बोलत. आमचे विभागप्रमुख त्यांपैकी एक. त्यांना दोन गोष्टी मनापासून आवडत, उद्घाटनं आणि अभिप्रायाची वही. श्रावणात त्यांनी 'अळिंबी : उद्याचे अन्न' असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. उद्घाटनाला साखर कारखान्याचे एक संचालक येणार होते. अळिंबी गोळा करणं, ओळखणं आणि तिच्यावर चिठ्ठ्या लावणं हे काम माझ्याकडे आलं, कारण विभागात माझ्यापेक्षा खालचं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेचे शिपाई होते, पण ते वयानं माझ्या दुप्पट आणि प्रत्यक्षात माझे वरिष्ठच होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणत असे.

मामांचं गाव नदीपलीकडे, सायकलवर पाऊण तासाच्या अंतरावर. त्या मंगळवारी ते मला घरी घेऊन गेले, कारण अळंबी कुठे येते ते मामींना माहीत होतं. मामींनी आम्हाला उसाच्या बांधावरच्या एका वारुळाशी नेलं. पांढुरक्या, मधोमध टोकदार अशा पंचवीस-तीस छत्र्या तिथे उभ्या होत्या. त्या उपटायच्या नाहीत, असं मामींनी मला बजावलं. खुरप्यानं बाजूची माती सैल करायची आणि देठ धरून हळूहळू ओढायचं. देठाखाली लांबच लांब शेपटीसारखं मूळ निघालं. ते पार वारुळाच्या पोटात गेलेलं होतं.

"हे निघालं तरच घ्यायचं," मामी म्हणाल्या. "न्हाई निघालं तर टाकून द्यायचं. मग ती किती का देखनी असंना."

मी वहीत हे लिहून घेतलं. 'स्थानिक समजूत' या मथळ्याखाली.

सगळी अळंबी आम्ही शास्त्रासाठी कॉलेजात आणली. घरात मामांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि अळंबीचे डोहाळे लागले होते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अर्धी ठेवून आलो असतो, असं म्हणायला मला आवडेल.

प्रदर्शन गुरुवारी होतं. बुधवारी संध्याकाळी निरोप आला की संचालकांना मुंबईला जावं लागतंय, शनिवार ठेवा. संचालक पुढे ढकलता येतात, अळंबी येत नाही. शुक्रवारपर्यंत ती काळवंडून लिबलिबीत झाली आणि तिच्यात किडे वळवळू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उद्घाटन आणि 'खाण्यास योग्य' हे ताट रिकामं. उलट 'विषारी' ताटात चांगली गर्दी होती.

शनिवारी उजाडताच मी प्राचार्यांच्या कचेरीपुढच्या हिरवळीवर पोचलो. ही हिरवळ पाहुण्यांनी पाहावी म्हणून राखलेली होती. दुष्काळातसुद्धा तिला पाणी मिळालं होतं. रात्रीच्या पावसानंतर तिच्यावर पंधरा-वीस मोठ्या छत्र्यांची गोलाकार रांग उगवलेली दिसली. पांढऱ्याशुभ्र, वर तपकिरी खवले, बशीएवढ्या. इतकी रुबाबदार अळंबी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी ती प्रयोगशाळेत नेली आणि जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. विलायतेत छापलेलं ते पुस्तक विभागाचं भूषण होतं आणि एरवी कुलपात असे. त्यात ओळख पटवण्यासाठी प्रश्नांची मालिका होती. प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. उत्तराप्रमाणे पुढच्या प्रश्नावर जायचं. टोपीवर खवले आहेत का? आहेत. देठावर कडं आहे का? आहे. ते कडं बोटानं वरखाली सरकतं का? मी सरकवून पाहिलं, बांगडीसारखं सरकलं. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या का? पांढऱ्या. प्रत्येक उत्तर मी प्रामाणिकपणे दिलं आणि शेवटी एका नावापाशी आलो. पुस्तकात त्याच्यापुढे लिहिलं होतं की ही खाण्यास अतिशय उत्तम.

एक प्रश्न राहिला होता. टोपीतून झडणाऱ्या बीजाणूंचा रंग कोणता? तो डोळ्यांना असा दिसत नाही. टोपी देठापासून कापून कागदावर पालथी ठेवायची, वर काचेचं झाकण ठेवायचं आणि काही तास थांबायचं. बीजाणू खाली पडून कागदावर ठसा उमटतो. अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा घ्यायचा, म्हणजे ठसा कोणत्याही रंगाचा असला तरी दिसतो. आठ वाजता मी एक टोपी अशी ठेवली. ठसा पांढरा येणार हे मी गृहीत धरलं आणि हिरव्या शाईनं, माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या अक्षरात, 'खाण्यास योग्य' अशी चिठ्ठी लिहिली. खाली माझी सही केली. सही असावी असं प्रमुखांचं म्हणणं होतं. त्यानं भारदस्तपणा येतो.

एका मोठ्या टोपीच्या पात्यांवर मळकट छटा होती. मी ती पावसाच्या पाण्यावर ढकलली आणि ताटाची शोभा जाते म्हणून ती टोपी बाजूला टाकून दिली. प्रमुखांनी पांढरं टेबलक्लॉथ अंथरलं होतं आणि माती नको असा हुकूम होता, म्हणून बाकीच्यांचे देठ मी बुडापाशी स्वच्छ कापले.

संचालक साडेदहाला आले. फीत कापून त्यांनी चाळीस मिनिटं उसावर भाषण केलं. मग ताटांपुढून फिरताना माझ्या ताटापाशी थांबून म्हणाले, "ही खातात?"

"उत्तम लागते," मी म्हणालो. मी ती कधी खाल्लेली नव्हती.

"मग हिचा कारखाना का काढू नये?" असं म्हणून ते वहीत अभिप्राय लिहायला गेले.

शनिवारी कॉलेज साडेबारालाच सुटे. मी खुर्च्या मोजत होतो. तेवढ्यात मामा आले आणि जरा संकोचून म्हणाले, "सर, ह्या ताटातली नेऊ का घरी? पोरीला डोहाळं लागल्यात अळंबीचं. मंगळवारची समदी हिकडं आली."

"न्या की," मी म्हणालो. "कशाला विचारता? चांगल्या आहेत."

मामांनी ती उपरण्यात बांधली. जाता जाता चिठ्ठीही उचलली. मला वाटलं, टेबल आवरतायत.

चार वाजता मी प्रयोगशाळेत परत गेलो ते छत्री राहिली होती म्हणून. काचेचं झाकण दिसलं तेव्हा सकाळी ठेवलेली टोपी आठवली. झाकण काढून टोपी उचलली. काळ्या कागदावर फिकट ठसा होता. पांढऱ्या कागदावर तो हिरवट होता, वाळलेल्या मुगाच्या सालीसारखा.

मी कागद खिडकीपाशी नेला. ढगाळ उजेडात सगळंच हिरवट दिसतं, असं स्वतःला सांगितलं. व्हरांड्यात नेला. तिथेही हिरवा. मग पुस्तक उघडलं आणि त्या प्रश्नाखालची तळटीप प्रथमच वाचली. तिचा टाइप इतका बारीक होता की ती आपल्यासाठी नाही असंच वाटावं. उष्ण प्रदेशांत हुबेहूब अशीच दिसणारी एक जात आढळते, तिचे बीजाणू हिरवे असतात, ती खाल्ल्यास जोराच्या ओकाऱ्या आणि जुलाब होतात, आणि अशक्त माणसं व मुलं दगावल्याचंही ऐकिवात आहे, असा तिचा आशय होता. ती जात विलायतेत होत नसल्यानं प्रश्नमालिकेत तिला जागा दिलेली नव्हती. मी अचूक उत्तरं देत चुकीच्या नावाशी पोचलो होतो.

विभागप्रमुख त्यांच्या खोलीत अभिप्राय वाचत बसले होते. मी ठसा दाखवला.

"हिरवा?" ते चष्मा वर करून म्हणाले. "मला राखाडी वाटतोय."

"सर, मामांनी ती घरी नेलीय. त्यांची मुलगी गरोदर आहे."

"तुम्ही नेऊ दिलीत?"

"हो."

त्यांनी वही मिटली. "हे बघा, घाईघाईनं बोभाटा नको. सोमवारी शाळांची मुलं येणार आहेत. ठसा आणखी एकदा घ्या. उद्या सकाळी पक्कं कळेल." आणि मग, मी उभाच आहे असं पाहून, "रंग ही मोठी सापेक्ष गोष्ट आहे."

मी त्यांच्याशी वाद घातला. निदान दहा मिनिटं तरी घातला. माझं त्यांच्याशी काय काम होतं, हे मला आजही सांगता येत नाही. परवानगी हवी होती, की तो ठसा राखाडी आहे असं त्यांनी मला पटवून द्यावं अशी इच्छा होती? बहुधा दुसरंच. मी मध्येच एकदा कागद परत निरखून पाहिला आणि क्षणभर तो मला खरंच राखाडी दिसला.

मग मी सायकल काढली.

वाटेत मी हिशेब करत होतो. मामा शनिवार धरत. मारुतीचा उपास, रात्री सोडत. म्हणजे स्वयंपाक संध्याकाळी. म्हणजे अजून चूल पेटली नसेल. हे मी पुलापर्यंत पाच-सहा वेळा म्हणालो. पुलाच्या पुढे रस्ता चिखलाचा होता, दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, समोरचं काही दिसत नव्हतं. एका ठिकाणी सायकल घसरली आणि मी पडलो. उठताना मनात आलं की कुणाला सांगता येईल, सायकल मोडली म्हणून पोचता आलं नाही. चाक फिरवून पाहिलं तर सायकल ठणठणीत होती.

मामांच्या अंगणात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मामी पातेलं घासत होत्या. पातेलं रिकामं होतं.

"या सर," मामी म्हणाल्या. "चिखलात पडला व्हय?"

"मामी, अळंबी केली?"

"केली की. घरात आलं तवापासनं पोरगी डोळं लावून बसली हुती. डोहाळ्याचं कुठं संध्याकाळपतूर ठेवत्यात? अडीचला वाढलं तिला."

"तिनंच खाल्ली? तुम्ही?"

"तिचं उरलं की मी खानार हुते. उरलंच न्हाई." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातली राख झटकली. "का वो?"

घराच्या मागून ओकारीचा आवाज आला. त्याच्यामागोमाग मामांचा, "अगं ए, हिकडं ये गं" असा.

ती मागच्या दारी भिंतीला धरून वाकली होती. एका हातानं पोट सावरत होती. वीस-एकवीसची असेल. तिसरी वेळ आहे म्हणाले मामा. पित्त झालंय, आलं-लिंबू देतो.

"पित्त नाही," मी म्हणालो. "मामा, ती अळंबी वाईट होती. माझी चूक झाली. दवाखान्यात न्यायचं आत्ताच्या आत्ता."

मामांना पहिल्यांदा कळलंच नाही. "पर सर, तुमी तर लिवलंय की." त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून मला दाखवली, जणू मीच विसरलो होतो. मामी मागे येऊन उभ्या होत्या.

"मी म्हनलं ह्यास्नी," मामी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "म्हनलं, ह्याचं खालचं कुठाय? मूळ न्हाई, काय न्हाई, ही वारुळाची न्हवं. तर हे मला कागूद दावत्यात. सरांनी इंग्रजी पुस्तकात बघून लिवलंय म्हन. मग मी गप बसले. मला कुठं वाचता येतंय."

कराडला जायचं कशानं? एस.टी. सातला होती. त्या वेळी गावात एकच वाहन येत असे, डेअरीचा दुधाचा टेम्पो. तो साडेपाचला येऊन संध्याकाळचं दूध घेऊन कराडला जाई. आम्ही तिला डेअरीच्या ओट्यावर बसवलं. टेम्पो वीस मिनिटं उशिरा आला. त्या वीस मिनिटांत ती दोनदा ओकली आणि एकदा मामींनी तिला उसात नेलं. परत आली तेव्हा तिला चालता येत नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, "आवं, दूध हाय गाडीत. वास लागला तर समदं परत करत्यात."

"परत करू दे रं," मामा म्हणाले. "न्हाईतर तुझ्या कॅनवर मीच बसतो, घे."

त्यानं मागच्या फळीवरून दोन कॅन हलवले. मामी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी आणि मामा उभे. रस्ताभर कॅनची झाकणं वाजत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. मामा खाली बसून तिचे पाय चोळत होते. कराडच्या अलीकडे, मलकापूरपाशी, ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, हलत न्हाई गं."

मामींनी तिच्या पोटावर हात ठेवला. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे दवाखाना येईपर्यंत कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

मामांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता, सहा खाटांचा. डॉक्टर पन्नाशीचे, तुटक बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, नर्सला सलाइन लावायला सांगितलं आणि मग विचारलं, "काय खाल्लं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी पुस्तकातलं लॅटिन नाव सांगायला तोंड उघडलं. सकाळपासून ते जिभेवर होतं. मग लक्षात आलं की ते तिचं नाव नव्हे.

"अळंबी. कोणती ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी ती ओळखली असं मला वाटलं होतं. मीच त्यांना खायला सांगितली. हिरव्या बीजाणूंची आहे एवढं नक्की. पोटावर जाते. आणखी कशावर जाते ते ठाऊक नाही."

"तुम्ही कोण?"

"कॉलेजात शिकवतो."

"काय?"

"हेच."

डॉक्टरांनी मान हलवली. तिच्यात उपहास नव्हता. ऐकलं, एवढंच होतं. "किती वाजता खाल्ली आणि ओकाऱ्या कितीला सुरू झाल्या ते सांगा. दोन तासांत सुरू झाल्या असतील तर बरं. दुसऱ्या दिवशी सुरू होतात त्या मारतात." सवादोन तास, मामांनी सांगितलं. त्यावर डॉक्टरांनी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. लाकडी नळी तिच्या पोटाला लावून ते बराच वेळ वाकून बाळाचे ठोके शोधत राहिले. नळी हलवली, परत ऐकलं. मग सरळ होऊन म्हणाले, "आत्ता नीट लागत नाही. पाणी कमी झालंय अंगातलं. सकाळी बघू."

ती रात्र आम्ही तिघांनी व्हरांड्यातल्या बाकावर काढली. मामांचा उपास तसाच सुटायचा राहून गेला.

सकाळी सहाला ओकाऱ्या थांबल्या होत्या. आठला तिनं पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. डॉक्टर दहाला आले. सलाइनची बाटली पाहून त्यांनी ती बदलायला सांगितली आणि नळी खिशातून काढली. बाहेर रविवारच्या बाजाराची गडबड होती. त्यांनी नर्सला खिडकी बंद करायला लावली. मामी खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांडा धरून उभ्या होत्या. मामा दारात. मी दाराबाहेर, कारण आत उभं राहण्याचा हक्क माझा आहे असं मला वाटेना.

डॉक्टर ऐकत होते. त्यांनी डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ हलत होते; मोजत होते. त्यांचे ओठ थांबले, मग परत हलू लागले. शेवटी ते सरळ झाले.

"आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे. मंगळवारपर्यंत इथं राहू दे तिला."

मामी दांडा सोडून फरशीवर बसल्या. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडली. मामा डॉक्टरांना काही विचारत होते, पण डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले होते. मी व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. आता घरी जावं की इथे राहावं, मामांशी बोलावं की बोलू नये, यातलं काहीच ठरवता येईना.

थोड्या वेळानं मामी बाहेर आल्या. गावाकडून पहाटेच्या गाडीनं कुणीतरी भाकऱ्या पाठवल्या होत्या. ते गाठोडं त्यांनी बाकावर सोडलं. मामांपुढे एक भाकरी ठेवली आणि एक माझ्यापुढे. वर शेंगदाण्याची चटणी.

"मामी," मी म्हणालो, "माझ्यामुळं..."

"ते कळलं समद्यास्नी," त्या म्हणाल्या. "काल दुपारपासनं पोटात काय न्हाई तुमच्या. खावा आधी."

"सर, खावा," मामाही म्हणाले. काल टेम्पोत चढल्यापासून ते माझ्याशी प्रथमच बोलले होते. त्यांनी आपली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. उपास सोडायला त्यांना आधी कुणीतरी जेवायला बसलेलं हवं होतं, किंवा तसं मला वाटलं. मी घास घेतला. मग त्यांनी घेतला. मामी, माझी भाकरी संपेपर्यंत, समोर उभ्या होत्या.